‘जर, जेव्हा, मग’ : संगणकाला अपेक्षा समजावून सांगण्याची विद्या

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



आज आपल्यापुढे मी जो विषय मांडणार आहे, तो ऐकून आपल्यापैकी काहींना थोडे नवल वाटेल. संगणकाचे सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी आपण लिहिलेले सॉफ्टवेअर बरोबर चालते की नाही हे कसे तपासतात, आणि त्यासाठी ‘वर्तनाधिष्ठित’ म्हणून ओळखली जाणारी साधने कशी वापरतात, हा तो विषय. मी भाषेचा शिक्षक आहे. बी. ए. आणि बी. एड. करून वर्गात व्याकरण आणि निबंध शिकविणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर प्रथमच देतो. या धंद्यातील सर्वांत मोठी अडचण यंत्राची नसून भाषेची आहे. ‘मला काय हवे आहे’ हे एका माणसाने दुसऱ्याला नेमकेपणाने कसे सांगावे, ही ती अडचण आहे. आणि तिच्यावर शोधलेला एक उपाय असा आहे की तो आपल्या आठवीच्या विद्यार्थ्यालाही समजावा.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या शिष्यवृत्तीच्या पत्रकात दोन वाक्ये आहेत. ‘ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या पाल्यांनी अर्ज करावा. अर्ज ३१ ऑगस्टपर्यंत पोचले पाहिजेत.’ ही शिष्यवृत्ती काल्पनिक आहे, पण अशी पत्रके आपण सर्वांनी वाचलेली आहेत. भाषा सोपी आहे, व्याकरणात चूक नाही. तरी मी आपल्याला विचारतो. उत्पन्न बरोबर दोन लाख असेल तर अर्ज चालेल की नाही? ३१ ऑगस्टच्या रात्री अकरा वाजता पाठविलेला अर्ज वेळेत धरावयाचा की उशिरा? वडील हयात नसतील तर उत्पन्न कोणाचे पाहावयाचे? आई आणि मामा दोघे मिळून घर चालवीत असतील तर? ‘पर्यंत’ हा आपला रोजचा शब्द आहे, पण त्यात शेवटची संख्या धरली आहे की सोडली आहे, हे तो शब्द स्वतः सांगत नाही.

पूर्वी अर्ज कारकुनाच्या टेबलावर जात असे. तो माणूस होता. अडचण आली तर तो साहेबांना विचारी, साहेब वर विचारीत, आणि चार दिवसांनी का होईना, उत्तर येई. आता अर्ज संगणकावर भरावे लागतात. संगणक विचारीत नाही. ज्या माणसाने ती आज्ञावली लिहिली, त्याने दोन लाख धरले असतील तर धरले, सोडले असतील तर सोडले. त्याने ‘वडिलांचा उत्पन्नाचा दाखला’ हा रकाना सक्तीचा केला असेल, तर वडील नसलेली मुलगी त्या रकान्यापाशी अडते. तिला नकाराचे पत्र येत नाही की कारण कळत नाही. पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ येते आणि पुढचे बटण दबत नाही.

आपल्या समाजातील पालकांना तर याचा अनुभव सांगावयास नको. आपल्याकडे किती मुलांच्या दाखल्यावर आडनाव नसते! ‘शेख’ हा शब्द एका कागदावर नावाच्या आधी असतो, दुसऱ्यावर नंतर. एका ठिकाणी ‘मोहम्मद’, दुसऱ्या ठिकाणी ‘मुहम्मद’, तिसऱ्या ठिकाणी नुसते ‘मो.’ असे लिहिलेले असते. ज्याने अर्जाचा नमुना तयार केला, त्याच्या डोळ्यापुढे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा तीन भागांचा एकच साचा होता. त्याने कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. त्याला कोणी उदाहरण दिले नव्हते, एवढेच. आज मी जी पद्धत सांगणार आहे, तिचे सार याच एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘उदाहरण’.

चूक मोठ्यांच्याही हातून होते

अशी गफलत केवळ छोट्या कचेऱ्यांत होते असे समजू नका. अमेरिकेच्या नासा या संस्थेने ११ डिसेंबर १९९८ रोजी ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ नावाचे यान मंगळाकडे सोडले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळाच्या कक्षेत शिरावयाचे होते. यानाची दिशा किंचित बदलण्यासाठी त्यावर छोटी रॉकेटे होती. त्या रॉकेटांच्या रेट्याचा हिशेब करणारे जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर आपले आकडे पौंड या ब्रिटिश मापात देत होते आणि ते आकडे वापरणारी दुसरी मंडळी ते न्यूटन या मापात आहेत असे समजून चालली होती. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. हा फरक महिनोन्‌महिने साचत गेला. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जावयाचे यान अवघ्या ५७ किलोमीटरच्या आसपास गेले आणि नष्ट झाले.

यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे आहे. मेट्रिक मापे वापरावीत, हे त्या कामाच्या लेखी करारनाम्यात नमूद होते. म्हणजे नियम लिहिलेला होता. कागद कपाटात होता आणि आज्ञावली संगणकात होती. दोघांची गाठ घालून ‘कागदात म्हटल्याप्रमाणे यंत्र वागते आहे काय’ हे वेळेवर पाहिले गेले नाही. लिहिलेला नियम आणि यंत्राचे वर्तन यांची रोजच्या रोज गाठ घालून देणे, हेच आजच्या विषयातील साधनांचे काम आहे.

या पद्धतीचा जन्म कसा झाला

सॉफ्टवेअर तपासण्याची गरज जुनीच आहे. पूर्वी बहुतेक ठिकाणी आधी सगळी आज्ञावली लिहावयाची आणि मग शेवटी माणसे बसवून ती तपासावयाची, अशी रीत होती. शेवटी सापडलेली चूक दुरुस्त करणे म्हणजे घराला गिलावा झाल्यावर भिंतीतली वायर बदलण्यासारखे असते. म्हणून काही जाणत्या प्रोग्रॅमरांनी क्रम उलटा केला. आधी चाचणी लिहावयाची, ती नापास होते हे पाहावयाचे, मग ती पास होईल एवढीच आज्ञावली लिहावयाची. केंट बेक या अमेरिकन प्रोग्रॅमरने या रीतीचा पुरस्कार केला. त्याने आणि एरिक गामा याने मिळून १९९७ मध्ये ‘जेयुनिट’ हे चाचणीचे साधन तयार केले, आणि २००२ च्या अखेरीस त्याचे या रीतीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले.

रीत चांगली होती, पण शिकविताना अडचणी येऊ लागल्या. लंडनमध्ये काम करणारा डॅन नॉर्थ नावाचा एक प्रोग्रॅमर ही रीत इतरांना शिकवीत असे. त्याचे विद्यार्थी तेच तेच प्रश्न विचारीत. सुरुवात कोठून करावयाची? काय तपासावयाचे आणि काय सोडावयाचे? चाचणीला नाव काय द्यावयाचे? आपल्यासारख्या शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल. वर्गात तोच प्रश्न पुनःपुन्हा आला की समजावे, दोष मुलांचा नाही, आपल्या शब्दांत काही तरी कमी आहे.

नॉर्थने हेच केले. त्याने शब्द बदलून पाहिला. ‘चाचणी’ हा शब्द काढून त्याने ‘वर्तन’ हा शब्द घेतला. ‘या आज्ञावलीची चाचणी कशी घेऊ’ असे विचारण्याऐवजी ‘या आज्ञावलीने कसे वागले पाहिजे’ असे विचारावयाचे, आणि चाचणीचे नाव म्हणजे एक पूर्ण वाक्य असावयाचे. ‘उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असेल तर अर्ज नाकारला पाहिजे’ अशा धर्तीचे. असे वाक्य वाचले की कोणालाही कळते की काय अपेक्षित आहे. २००३ च्या अखेरीस त्याने ‘जेबिहेव’ नावाचे साधन याच तत्त्वावर लिहावयास घेतले.

पुढच्या वर्षी ख्रिस मॅट्स या सहकाऱ्याच्या लक्षात आले की, ग्राहकाला काय हवे हे समजून घेणाऱ्या विश्लेषकाचे कामही याच जातीचे आहे. दोघांनी मिळून एक साचा ठरविला. आधी परिस्थिती सांगावयाची, मग घडलेली कृती, आणि शेवटी अपेक्षित परिणाम. इंग्रजीत हे तीन शब्द ‘गिव्हन, व्हेन, देन’ असे आहेत. २००६ च्या मार्चमध्ये नॉर्थने एका नियतकालिकात लेख लिहून ही पद्धत सर्वांपुढे मांडली. त्यात त्याने बँकेतून पैसे काढण्याच्या यंत्राचे उदाहरण घेतले होते. खात्यात पैसे असतील तर काय व्हावे, खाते मर्यादेपलीकडे गेलेले असेल तर काय व्हावे. दोन्ही प्रसंगांत कार्ड मात्र ग्राहकाला परत मिळाले पाहिजे. हा शेवटचा मुद्दा किती साधा आहे, आणि तरी सांगितल्याशिवाय यंत्राला तो कळणार नाही!

काकडी आणि तिचे लोणचे

२००८ मध्ये अस्लाक हेलेसॉय या प्रोग्रॅमरने ‘रूबी’ या संगणकभाषेत एक साधन तयार केले. त्याचे नाव ‘कुकुंबर’, म्हणजे काकडी. ज्या साध्या भाषेत त्यातील वाक्ये लिहावयाची, तिचे नाव ‘गर्किन’, म्हणजे लोणच्याची छोटी काकडी. नावे गमतीची आहेत, पण काम गंभीर आहे.

आता मी आपल्याला एक आनंदाची गोष्ट सांगतो. या गर्किनमधील ठरावीक शब्द सत्तरहून अधिक भाषांत उपलब्ध आहेत आणि त्यात आपली मराठी आहे. लेखनाच्या पहिल्या ओळीत भाषेची खूण दिली की ‘वैशिष्ट्य’, ‘परिदृश्य’, ‘पार्श्वभूमी’, ‘उदाहरण’, ‘जर’, ‘जेव्हा’, ‘मग’, ‘आणि’, ‘पण’ हे शब्द ते साधन ओळखते. ज्या घरांत उर्दू आहे त्यांच्यासाठी उर्दूचीही सोय आहे. तेथे ‘अगर’, ‘जब’, ‘तब’ हे शब्द चालतात. हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषाही आहेत.

आपल्या काल्पनिक शिष्यवृत्तीचा एक प्रसंग या पद्धतीने लिहून पाहू.

वैशिष्ट्य : शिष्यवृत्तीचा अर्ज
परिदृश्य : वडील हयात नसलेल्या मुलीचा अर्ज
जर अर्जदार मुलीचे वडील हयात नसतील
आणि तिच्या आईचे वार्षिक उत्पन्न १,२०,००० रुपये असेल
जेव्हा ती आईच्या उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज पाठविते
मग अर्ज स्वीकारला जातो
आणि तिला अर्जाचा क्रमांक मिळतो

यात संगणकाची परिभाषा कोठे आहे? संस्थेचे चिटणीस हे वाचू शकतात, मुलीची अम्मी वाचू शकते, आणि प्रोग्रॅमरही वाचू शकतो. तिघांनाही एकच अर्थ लागतो. चुकले असेल तर तिघांपैकी कोणीही म्हणू शकतो, ‘थांबा, हे असे नाही.’

‘पर्यंत’ या शब्दाचे काय? त्यासाठी या पद्धतीत तक्त्याची सोय आहे. प्रसंग एकदाच लिहावयाचा आणि खाली आकडे द्यावयाचे. उत्पन्न १,९९,९९९ असेल तर पात्र. २,००,००० असेल तर पात्र. २,००,००१ असेल तर अपात्र. तीन ओळींत वाद मिटला. आणि समजा समितीतील दोन सभासदांचे दुसऱ्या ओळीबद्दल एकमत झाले नाही, तर तेही उत्तमच. तो वाद अर्ज सुरू होण्यापूर्वी एका खोलीत झाला. एखाद्या मुलाचे वर्ष वाया गेल्यावर झाला नाही.

साधन काम कसे करते

आता प्रश्न असा की, आपण लिहिलेली मराठी वाक्ये संगणकाला कशी कळतात? खरे सांगावयाचे तर ती त्याला आपल्यासारखी कळत नाहीत. प्रत्येक वाक्यामागे प्रोग्रॅमरला आज्ञावलीचा एक छोटा तुकडा लिहावा लागतो. ‘तिच्या आईचे वार्षिक उत्पन्न अमुक रुपये असेल’ या धाटणीचे वाक्य आले, तर त्यातील आकडा उचल आणि चाचणीसाठी तशा उत्पन्नाची नोंद तयार कर. ‘अर्ज पाठविते’ असे वाक्य आले, तर खरोखर अर्ज भरून पाठव. ‘अर्ज स्वीकारला जातो’ असे वाक्य आले, तर निकाल पाहा आणि तो तसा नसेल तर चूक दाखव. कुकुंबर एकेक वाक्य वाचते, त्याच्याशी जुळणारा तुकडा शोधते आणि चालविते. संकेतस्थळावरील बटणे माणसासारखी दाबून पाहावयाची असतील तर ‘सेलेनियम’ नावाचे दुसरे साधन जोडीला घेतात. त्याची सुरुवात २००४ मध्ये झाली.

निकाल रंगांत दिसतो. वाक्याप्रमाणे सर्व घडले तर हिरवा. घडले नाही तर लाल. वाक्य लिहिले आहे पण त्यामागचा तुकडा अजून लिहिलेला नाही, तर पिवळा. एखादी पायरी लाल झाली की त्या प्रसंगातील पुढच्या पायऱ्या तपासल्या जात नाहीत, त्या फिकट निळ्या रंगात सोडून दिल्या जातात. प्रोग्रॅमर दिवसातून अनेकदा हे सगळे प्रसंग चालवून पाहतो. आज एक सुधारणा केली आणि तिच्यामुळे तीन महिन्यांपूर्वी नीट चालणारी गोष्ट बिघडली, तर तिथल्या तिथे लाल ओळ दिसते. कपाटातला कागद आता कपाटात राहत नाही. तो रोज यंत्राला जाब विचारतो.

वेगवेगळ्या संगणकभाषांसाठी अशी वेगवेगळी साधने आहेत. पायथनसाठी ‘बिहेव’, पीएचपीसाठी ‘बिहॅट’. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटसाठी ‘स्पेकफ्लो’ हे साधन बरीच वर्षे प्रचारात होते. त्याचे काम २०२४ च्या अखेरीस थांबले आणि त्याच्याच पायावर उभे राहिलेले ‘रेक्नरोल’ पुढे चालू आहे. साधने येतात आणि जातात. ‘जर, जेव्हा, मग’ हा साचा मात्र सर्वांत तोच आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी साधनाच्या नावापेक्षा साचा नीट शिकावा.

शिक्षकाला हे परके नाही

विद्यार्थी मित्रांनो, हा साचा तुम्ही शाळेत शिकलेला आहात. भूमितीच्या प्रमेयात आपण आधी ‘पक्ष’ लिहितो, मग ‘साध्य’, आणि मग ‘सिद्धता’. पक्ष म्हणजे दिलेली परिस्थिती, साध्य म्हणजे जे झालेले दाखवावयाचे ते. पक्ष लिहिल्याशिवाय सिद्धतेला हात घालणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात, आणि ते योग्यच आहे.

माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनाही बी. एड.चे पाठटाचण आठवेल. ‘विद्यार्थ्यांना समास समजेल’ असे उद्दिष्ट लिहिले तर ते मार्गदर्शकांना चालत नसे. समजले हे कशावरून ओळखणार, असे ते विचारीत. मग ‘विद्यार्थी दिलेल्या दहा शब्दांतून समास ओळखतो’ असे लिहावे लागे. रॉबर्ट मेगर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६२ च्या आपल्या पुस्तकात हेच सांगितले. उद्दिष्टात तीन गोष्टी असाव्यात. कोणत्या परिस्थितीत, विद्यार्थी काय करील, आणि किती चांगले केले म्हणजे पुरे. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे आपल्याकडून उचलले असे मी म्हणत नाही. पण दोन्ही धंद्यांत एकच सत्य हाती लागले आहे. मनातली अपेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या वर्तनात सांगितली, तरच ती तपासता येते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत

पालकहो, एखाद्या गोष्टीचे गुणच सांगून थांबणे हे जाहिरातदाराचे काम आहे, शिक्षकाचे नव्हे. म्हणून या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो.

पहिली मर्यादा. हिरवा रंग म्हणजे खात्री नव्हे. वाक्य सुंदर मराठीत लिहिले आणि त्यामागचा तुकडा काहीच न तपासणारा लिहिला, तरी ओळ हिरवीच दिसेल. कोरी उत्तरपत्रिका शंभर गुण देऊन परत करण्यासारखे ते आहे. आणि तुकडा बरोबर असला तरी आपण जे प्रसंग लिहिले तेवढेच तपासले जातात. चाचणीने चुका आहेत हे दाखविता येते, चुका मुळीच नाहीत हे सिद्ध करता येत नाही, असे डच शास्त्रज्ञ एड्‌सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारासच बजावले होते. ते आजही खरे आहे.

दुसरी मर्यादा. वाक्ये कशी लिहावीत याचेही शास्त्र आहे. ‘निळे बटण दाबले, मग तिसऱ्या रकान्यात लिहिले, मग पुन्हा बटण दाबले’ असे लिहीत गेले तर वाचणारा कंटाळतो, आणि उद्या बटणाचा रंग बदलला की सगळे लेखन बाद होते. ‘ती अर्ज पाठविते’ एवढे पुरे असते. निबंधात मुले सकाळी उठलो, दात घासले, चहा प्यालो असे लिहितात, आणि मुख्य प्रसंग दोन ओळींत उरकतात. तोच हा दोष आहे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. ही वाक्ये प्रोग्रॅमरने एकट्याने बसून लिहिली, तर तो निव्वळ जादा खटाटोप ठरतो. या पद्धतीचा खरा लाभ वाक्यांपूर्वी होणाऱ्या चर्चेत आहे. काम सांगणारा, काम करणारा आणि काम तपासणारा अशी तीन प्रकारची माणसे एकत्र बसली पाहिजेत. मॅट विन याने २०१५ मध्ये यासाठी रंगीत कार्डांची एक सोपी रीत मांडली. पिवळ्या कार्डावर कामाचे नाव, निळ्या कार्डांवर नियम, प्रत्येक नियमाखाली हिरव्या कार्डांवर उदाहरणे, आणि ज्या प्रश्नांना उत्तर सापडत नाही ते लाल कार्डांवर. साधारण पंचवीस मिनिटे चर्चा करावयाची. लाल कार्डे फार झाली तर समजावे की काम सुरू करण्याची वेळ अजून आलेली नाही. या रीतीला संगणकही लागत नाही. टेबल, कार्डे आणि ऐकण्याची तयारी एवढेच लागते.

आपण काय करावे

आता शेवटच्या आणि माझ्या दृष्टीने मुख्य मुद्द्याकडे येतो.

विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, आपल्यापैकी अनेकांची अशी समजूत आहे की संगणकाचे क्षेत्र गणितात शंभरपैकी शंभर मिळविणाऱ्यांचे आणि अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्यांचे. इंग्रजीची गरज नाही असे मी म्हणणार नाही. ती आहे, आणि ती मेहनतीने शिकलीच पाहिजे, कारण या साधनांची बहुतेक माहिती इंग्रजीतच आहे. पण या क्षेत्रात प्रोग्रॅमरखेरीज विश्लेषक असतो, चाचणी करणारा असतो. त्याचे भांडवल म्हणजे बारकाईने प्रश्न विचारणे आणि स्पष्ट वाक्य लिहिणे. ही कामगिरी आपल्या भाषेच्या तासाला शिकता येते. ज्याला ‘पर्यंत’ आणि ‘पेक्षा कमी’ यांतला फरक कळतो, ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांची गल्लत जो करीत नाही, त्याने या कामाची अर्धी तयारी केलेली आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज्ञावलीही लिहून देऊ लागली आहेत. तेव्हा काय हवे ते नेमके सांगणे आणि मिळाले ते तपासणे या दोन गोष्टींचे मोल कमी होणार नाही, वाढेलच.

एक गृहपाठ देतो. शाळेच्या ग्रंथालयाचा एखादा नियम घ्या. ‘पुस्तक सात दिवसांत परत करावे, उशीर झाल्यास दंड होईल.’ या एका वाक्यासाठी ‘जर, जेव्हा, मग’ या साच्यात दहा प्रसंग लिहा. सातवा दिवस रविवार असेल तर? ग्रंथपाल रजेवर असतील तर? पुस्तक पावसात भिजले असेल तर? आजारी मित्राच्या हाती पुस्तक पाठविले आणि तो विसरला तर? दहा प्रसंग लिहून झाल्यावर ज्यांचे उत्तर नियमात सापडत नाही त्यांवर लाल खूण करा आणि ग्रंथपालांना दाखवा. ते रागावणार नाहीत, उलट नियम सुधारतील. ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांनी शाळेच्या संगणककक्षात पायथन आणि ‘बिहेव’ घालून हेच प्रसंग चालवून पाहावेत. कुकुंबर काय, बिहेव काय, ही साधने विनामूल्य मिळतात. त्यासाठी कोणत्याही महागड्या क्लासची गरज नाही.

पालकहो, आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. आपण म्हणाल, आम्हांला यातले काय कळते? कळते, आणि ते आपल्यालाच कळते. आपल्या मुलीच्या दाखल्यावर नाव कसे आहे, रेशनकार्डावर कसे आहे, घरात कमावते कोण, अर्ज भरताना ती नेमकी कोठे अडली, हे शहरातील कचेरीत बसलेल्या हुशार प्रोग्रॅमरला कसे कळावे? ती उदाहरणे आपल्यापाशी आहेत. अर्ज अडला की आपण कपाळाला हात लावतो किंवा एजंटाला पैसे देतो, आणि गोष्ट तेथेच संपते. त्याऐवजी एक कागद घ्या. कोणत्या परिस्थितीत, काय केले असता, काय झाले, आणि काय व्हावयास हवे होते, अशा चार ओळी लिहा आणि संबंधित कचेरीला द्या, एक प्रत शाळेतही आणून द्या. ‘तुमचे संकेतस्थळ बरोबर नाही’ या तक्रारीचे कोणी काही करू शकत नाही. ‘वडील हयात नसताना आईचा दाखला जोडला तर अर्ज पुढे जात नाही’ या तक्रारीवर मात्र काम करता येते. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी आमचे विद्यार्थी लिहून देतील. तेही एक समाजकार्यच आहे.

आणि संस्थेच्या चालकांना माझी नम्र विनंती आहे. उद्या आपण प्रवेशाचे, शुल्कमाफीचे किंवा वसतिगृहाचे अर्ज संगणकावर घेणार असाल, तर काम देण्यापूर्वी एक बैठक घ्यावी. त्या बैठकीत प्रोग्रॅमरबरोबर कार्यालयातील कारकून असावा, एक शिक्षक असावा, एक विद्यार्थिनी असावी, आणि ज्या आईने एकटीने मुले वाढविली आहेत अशी एखादी माता असावी. तिने सांगितलेला एक प्रसंग सर्वांच्या आधी लिहून घ्यावा.

यंत्र निष्ठुर नसते आणि दयाळूही नसते. त्याला जे सांगितले तेच ते करते, आणि जे सांगावयाचे राहून गेले त्याची किंमत बहुधा ज्याचा आवाज लहान आहे त्याला मोजावी लागते. म्हणून राहून गेलेले सांगावयास शिका, आणि ते नेमक्या शब्दांत सांगा. हेच आपल्या शिक्षणाचे एक मोठे प्रयोजन आहे असे मी मानतो.